कार्यालयीन संदेशवहन : संगणकावरील ॲप की ब्राउझर?

जबलपूरहून दिंडोरीकडे जाणारा रस्ता कुंडमवरून जातो. नर्मदेला मिळणाऱ्या हिरन नदीचा उगम याच परिसरातील. जबलपूर जिल्ह्याचा हा आदिवासीबहुल तालुका १९५६ पर्यंत नागपूर ज्या प्रांताची राजधानी होते त्या प्रांतात मोडत असे. तहसील आणि जनपद पंचायत यांचे ठिकाण ही कुंडमची आजची प्रशासकीय ओळख होय. जिल्हा आणि गाव यांच्यामधली ही पायरी असते. वरून आलेला आदेश येथे उलगडला जातो आणि गावोगावची माहिती येथे गोळा होऊन वर जाते. धारणी, एटापल्ली किंवा अक्कलकुवा येथील कार्यालयांचे कामही याच स्वरूपाचे आहे.

या पायरीवर निरोप वेळेत पोचणे हाच प्रशासनाचा निम्मा कारभार असतो. पूर्वी तो टपालाने, बिनतारी यंत्रणेने किंवा शिपायाकरवी येई. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस निकनेट या उपग्रहाधारित जाळ्याने देशातील जिल्हा मुख्यालये जोडली. परंतु तालुक्यापर्यंतचा शेवटचा टप्पा दीर्घकाळ जुन्याच साधनांवर चालू राहिला. गेल्या दशकात हे चित्र पालटले. आज जिल्ह्याचा निरोप बहुधा संदेशवहनाच्या ॲपवरील गटात येतो. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने २०२१ मध्ये ‘संदेस’ हे स्वदेशी ॲप शासकीय वापरासाठी उपलब्ध करून दिले. खाजगी क्षेत्रात स्लॅक, मायक्रोसॉफ्ट टीम्स, झोहो क्लिक आणि मुंबईच्या भाविन तुराखिया यांनी २०१४ मध्ये सुरू केलेले फ्लॉक ही नावे परिचित आहेत. व्हॉट्सॲप तर कोणत्याही आदेशाविना सर्वत्र पोचले आहे.

मोबाइलवर आलेला निरोप वाचता येतो. पण तक्ता भरणे, यादी जोडणे, सही केलेल्या पत्राची प्रत पाठविणे ही कामे टेबलावरील संगणकावरच सोयीची ठरतात. अशा वेळी दोन मार्ग उपलब्ध असतात. एक म्हणजे संगणकावर स्वतंत्र ॲप बसविणे, आणि दुसरा म्हणजे ब्राउझरमध्ये त्याच सेवेचे पान उघडून ठेवणे. या दोहोंतील निवड बहुधा सवयीने किंवा योगायोगाने होते. वास्तविक तिचे परिणाम सामान्य नागरिकापर्यंत पोचतात. गारपीट झाली, नुकसानग्रस्त गावांची यादी दुपारी चारपर्यंत जिल्ह्यास हवी, निरोप बारा वाजता आला आणि संगणकाने तो पाचला दाखविला, असे समजा. यादीतून सुटलेल्या गावाच्या दृष्टीने हा दोष नेटवर्कचा, संगणकाचा की ब्राउझरचा, याने काहीच फरक पडत नाही. लिपिकाला मात्र ‘निरोप पाहिला का नाही’ याचा खुलासा द्यावा लागतो.

दोन्हींचे इंजिन एकच

स्वतंत्र ॲप म्हणजे संगणकासाठी खास लिहिलेला कार्यक्रम, त्यामुळे तो हलका आणि वेगवान असणार, अशी सर्वसाधारण समजूत आहे. काही वर्षांपूर्वी ती बरोबर होती. टेलिग्रामचे संगणकावरील ॲप आजही सी प्लस प्लस भाषेत लिहिलेले असून ते तुलनेने हलके आहे. परंतु कार्यालयीन संदेशवहनाची अनेक प्रचलित ॲप आतून ब्राउझरच असतात.

याचे मूळ २०१३ मध्ये सापडते. त्या वर्षी गिटहब कंपनीने ॲटम या संपादकासाठी एक चौकट तयार केली आणि २०१५ मध्ये तिला इलेक्ट्रॉन हे नाव दिले. गुगल क्रोमच्या मुळाशी असलेले क्रोमियम हे इंजिन आणि नोड जेएस यांची सांगड घालून, संकेतस्थळासाठी लिहिलेला कार्यक्रम विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर ॲपच्या रूपाने चालविण्याची सोय तिने केली. कंपन्यांना तीन वेगळे चमू ठेवण्याची गरज उरली नाही. स्लॅकने हा मार्ग धरला, टीम्सने २०१७ मध्ये पदार्पण केले तेव्हा तोच मार्ग निवडला, आणि सिग्नलचे संगणकावरील ॲपही त्याच वर्षी इलेक्ट्रॉनवर आले.

यात बचत झाली ती तयार करणाऱ्याची. भार पडला वापरणाऱ्याच्या संगणकावर. इलेक्ट्रॉनचे प्रत्येक ॲप क्रोमियमची स्वतःची प्रत सोबत आणते. लिपिकाच्या संगणकावर ई-ऑफिस, योजनांची पोर्टल्स आणि ई-मेल यांसाठी ब्राउझर दिवसभर उघडाच असतो. त्यात संदेशाची एक टॅब वाढली तर वाढीव भार त्या टॅबपुरताच असतो. स्वतंत्र ॲप उघडले तर तेच इंजिन दुसऱ्यांदा सुरू होते. आठ-सोळा जीबी रॅमच्या संगणकावर हे जाणवत नाही. चार जीबीच्या संगणकावर मात्र विंडोजने आपला वाटा घेतल्यावर उरलेल्या जागेत काही शे मेगाबाइटची भर ही तक्ता उघडण्यास लागणाऱ्या वेळात लगेच दिसू लागते. रॅम अपुरी पडली की संगणक हार्ड डिस्कचा आधार घेतो, आणि जुनी फिरती डिस्क असल्यास सारे काम रेंगाळते.

हा दोष कंपन्यांनीही कृतीने मान्य केला आहे. स्लॅकच्या जुन्या ॲपमध्ये प्रत्येक कार्यक्षेत्रासाठी कार्यक्रमाची वेगळी प्रत स्मृतीत राहत असे. जुलै २०१९ मध्ये कंपनीने ॲपची नव्याने बांधणी केली आणि रॅमचा वापर ५० टक्क्यांपर्यंत कमी झाल्याचे व ॲप ३३ टक्के वेगाने उघडत असल्याचे जाहीर केले. इलेक्ट्रॉन तेच राहिले, मांडणी बदलली. याचा अर्थ असा की, जडपणा केवळ चौकटीमुळे येत नाही. ती कशी वापरली यावरही तो अवलंबून असतो. टीम्सने २०२३ मध्ये इलेक्ट्रॉन सोडून वेबव्ह्यू-२ स्वीकारले. ही विंडोजमध्येच सामाईकपणे बसविलेली ब्राउझरची यंत्रणा असल्याने प्रत्येक ॲपला इंजिनाची प्रत सोबत बाळगावी लागत नाही. नवे ॲप दुप्पट वेगवान, निम्मी रॅम आणि ७० टक्के कमी डिस्क वापरणारे असल्याचा कंपनीचा दावा होता. असे दावे उत्पादकाच्या स्वतःच्या मोजणीवर आधारलेले असतात, हे खरेदी करणाऱ्याने ध्यानात ठेवणे इष्ट.

व्हॉट्सॲपचा प्रवास तर दोन्ही दिशांनी झाला. जानेवारी २०१५ मध्ये ब्राउझरमधील आवृत्ती आली, २०१६ मध्ये तीच ॲपच्या वेष्टनात आली. २०२२ मध्ये विंडोजसाठी खास लिहिलेले ॲप आले आणि ते हलके असल्याचा अनुभव अनेकांनी घेतला. २०२५ मध्ये कंपनी पुन्हा वेबव्ह्यू-२ वर आधारित रचनेकडे वळली. यात वापरणाऱ्याचे मत कोणी विचारले नव्हते. संगणकावर ॲपचे चिन्ह तेच राहते आणि आतील यंत्र बदलते. म्हणून ‘ॲप बरे की ब्राउझर’ या प्रश्नाचे उत्तर एकदा ठरवून कायमचे बसविता येत नाही.

टॅब झोपी जाते तेव्हा

रॅमच्या बाबतीत ब्राउझरची बाजू वरचढ वाटली, तरी निरोप वेळेवर दिसण्याच्या बाबतीत तो मागे पडतो. संदेशाची सेवा आणि संगणक यांच्यात एक जोडणी सतत उघडी असावी लागते. २०११ मध्ये मानक ठरलेल्या वेबसॉकेट पद्धतीमुळे ब्राउझरलाही हे साधते. परंतु ब्राउझरचे दुसरे कर्तव्य रॅम आणि वीज वाचविणे हेही आहे. जानेवारी २०२१ मध्ये आलेल्या क्रोमच्या ८८व्या आवृत्तीपासून, पाच मिनिटांहून अधिक काळ झाकलेल्या टॅबमधील वेळेवर बेतलेली बरीच कामे मिनिटातून एकदाच चालू दिली जातात. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या मेमरी सेव्हर सुविधेने याहून पुढचे पाऊल टाकले. बराच वेळ न पाहिलेली टॅब स्मृतीतून काढून टाकली जाते आणि पुन्हा टिचकी मारल्यावरच ती जिवंत होते.

पोर्टल्सच्या वीस टॅबच्या गर्दीत एकविसावी टॅब संदेशाची असेल आणि सकाळपासून कोणी तिच्याकडे वळले नसेल, तर बारा वाजताचा निरोप पाचला दिसण्याचे गूढ येथे उकलते. नेटवर्क चालू असते, संगणकही चालू असतो. झोपलेली असते ती टॅब. यावर उपाय आहेत. संदेशसेवेचे पान मेमरी सेव्हरच्या अपवादयादीत घालता येते, टॅब पिन करता येते, सूचनांना परवानगी देता येते. सेवेने पुश सूचनांची सोय केली असेल तर टॅब बंद असतानाही, ब्राउझर चालू असेपर्यंत, निरोप पडद्यावर येतो. पण पहिल्याच दिवशी ब्राउझरने विचारलेल्या प्रश्नाला घाईत ‘नाही’ म्हटले गेले असेल, तर नंतर कोणीही तो प्रश्न पुन्हा विचारीत नाही. कार्यालयांतील कितीतरी ‘न पोचलेले’ निरोप या एका नकारात अडकलेले असण्याची शक्यता आहे.

स्वतंत्र ॲप या बाबतीत निश्चितच सरस ठरते. संगणक सुरू होताच ते आपोआप सुरू होते, खालच्या पट्टीवर न वाचलेल्या निरोपांचा आकडा दाखविते आणि ब्राउझर बंद केल्याने बंद पडत नाही. वीज जाऊन परत आल्यावर हा फरक विशेष जाणवतो. ॲप स्वतःहून उभे राहते. ब्राउझरची टॅब कोणीतरी आठवणीने उघडावी लागते.

मधला एक पर्यायही आहे. क्रोम किंवा एजमधून संदेशसेवेचे पान ॲपसारखे ‘इन्स्टॉल’ केल्यास त्याला स्वतःची खिडकी आणि पट्टीवर स्वतःचे चिन्ह मिळते. इंजिन मात्र ब्राउझरचेच राहते. टीम्सने लिनक्ससाठीचे ॲप २०२२ च्या अखेरीस बंद करून हाच पर्याय दिला. सी-डॅकच्या बॉस लिनक्ससारखी प्रणाली वापरणाऱ्या कार्यालयांना व्हॉट्सॲपचे अधिकृत ॲपही उपलब्ध नाही. तेथे ब्राउझर हीच एकमेव वाट उरते.

बसविणे, अद्ययावत ठेवणे

कामगिरीच्या चर्चेत सहसा वेग आणि रॅम यांचाच विचार होतो. दूरच्या कार्यालयात त्याहून मोठा प्रश्न असतो तो ॲप बसविण्याच्या अधिकाराचा. संगणकाचा प्रशासकीय पासवर्ड अनेकदा जिल्ह्याच्या तंत्रज्ञाकडे असतो आणि तो येईपर्यंत ॲप बसत नाही. स्लॅक आणि जुने टीम्स यांनी यावर युक्ती शोधली. वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ॲप बसविले की पासवर्डाची गरज पडत नाही. पण एकाच संगणकावर पाळीपाळीने तिघे-चौघे काम करीत असतील, तर प्रत्येकाच्या खात्यात ॲपची वेगळी प्रत तयार होते आणि डिस्क भरत जाते. ब्राउझरच्या आवृत्तीला यातले काहीच लागत नाही.

अद्ययावत आवृत्तीचेही तसेच. ब्राउझरमधील पान सेवेच्या बाजूने बदलते आणि बदललेला भागच उतरवून घेते. इलेक्ट्रॉनचे पूर्ण ॲप बहुधा शंभर मेगाबाइटच्या आसपास किंवा त्याहून मोठे असते. समजा, ते १२० मेगाबाइटचे आहे आणि कार्यालयाच्या वाट्याला प्रत्यक्षात सेकंदाला ४ मेगाबिट इतकाच वेग येतो. एका संगणकाला चार मिनिटे लागतील; दहा संगणकांनी सकाळी साडेदहाला एकाच वेळी मागणी केल्यास चाळीस मिनिटे लाइन त्यातच गुंतून राहील. काही ॲप केवळ बदललेला भाग उतरवून हा भार हलका करतात, सर्वच करीत नाहीत. ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेल्या व पुढे भारतनेट या नावाने ओळखल्या गेलेल्या प्रकल्पाने अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत सेकंदाला १०० मेगाबिट क्षमतेची जोडणी नेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच्या सुधारित कार्यक्रमास १,३९,५७९ कोटी रुपयांची मान्यता मिळाली. तथापि लाइनची क्षमता आणि टेबलावर मिळणारा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जुन्या संगणकांच्या बाबतीत एक धोका दोन्ही मार्गांना सारखाच आहे. विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९वी, जानेवारी २०२३ ची. पुढच्याच महिन्यात इलेक्ट्रॉननेही विंडोज ७ आणि ८ ची साथ सोडली. इंजिन एकच असल्याने ब्राउझर आणि ॲप एकदमच मागे राहिले. फायरफॉक्सने मात्र ११५ ही आवृत्ती जुन्या विंडोजसाठी पुढेही सुरक्षा दुरुस्त्या देऊन चालू ठेवली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित मदत संपली. विंडोज ११ ला किमान चार जीबी रॅमबरोबरच टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि जुन्या अनेक संगणकांत ती नसते. कुंडमसारख्या ठिकाणच्या कार्यालयांपुढे येत्या काळात ॲप किंवा ब्राउझर यांच्या निवडीआधी हा प्रश्न उभा राहणार आहे.

मोजणी कशी करावी

या विषयात मतांपेक्षा मोजणी सोपी आहे आणि तिला खर्च येत नाही. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ॲपच्या नावाखाली पाच-सहा प्रक्रिया दिसतात. त्या सर्वांची बेरीज करावी लागते, केवळ पहिली ओळ पाहून चालत नाही. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि प्रत्येक टॅबची रॅम वेगळी दिसते. तुलना करताना ब्राउझर एरवीही उघडा राहणार आहे का, हे आधी ठरवावे. राहणार असेल तर टॅबचा आकडा ॲपच्या एकूण आकड्याशी ताडून पाहावा. नसेल तर संपूर्ण ब्राउझरचा भार हिशेबात धरावा लागतो.

रॅमइतकीच महत्त्वाची चाचणी म्हणजे निरोप दिसण्यास लागणारा वेळ. दुसऱ्या संगणकावरून ठरलेल्या वेळी निरोप पाठवावा आणि तो पडद्यावर केव्हा उमटला हे लिहून ठेवावे. एकदा टॅब समोर असताना, एकदा ती तासभर झाकलेली असताना आणि एकदा संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्यावर. ही चाचणी खरेदीच्या वेळी राजधानीतील नव्या संगणकावर न करता, सर्वांत जुन्या संगणकावर आणि सर्वांत मंद लाइनवर करणे आवश्यक आहे. जे ॲप तेथे टिकते ते इतरत्र टिकतेच. उलट दिशेने मात्र खात्री देता येत नाही.

लिपी, गोपनीयता आणि सहा तास

मांडणीच्या दृष्टीने एक गोष्ट मराठी-हिंदी कार्यालयांची स्वतःची आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेखनाची सवय झालेला मजकूर संदेशात चिकटविला की इंग्रजी अक्षरांचा कचरा उमटतो. ॲप असो वा ब्राउझर, दोहोंना युनिकोडच समजते. इनस्क्रिप्ट कीबोर्ड संगणकात एकदा सुरू केला की दोन्हीकडे सारखाच चालतो. ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि अधिक चिन्ह दाबून अक्षर मोठे करता येते, ही सोय चाळिशी ओलांडलेल्या डोळ्यांना मोठी वाटते. इलेक्ट्रॉनची बरीच ॲप्सही तीच कळ मानतात, पण ते बहुतेकांना ठाऊक नसते.

सामाईक संगणकावर गोपनीयतेचा प्रश्न अधिक नाजूक होतो. ॲपमधून बाहेर न पडता उठलेल्या कर्मचाऱ्याचे निरोप पुढच्याला वाचता येतात. ब्राउझरमध्येही तेच घडते. फक्त तेथे प्रत्येकासाठी वेगळे प्रोफाइल ठेवणे सोपे आहे. मात्र ‘सफाई’ म्हणून ब्राउझरची सारी माहिती पुसली की व्हॉट्सॲपची जोडणीही तुटते आणि ती फोनवरूनच पुन्हा करावी लागते. २०२१ पूर्वी तर फोन चालू आणि जोडलेला नसेल तर संगणकावरील व्हॉट्सॲप चालतच नसे. त्या वर्षी आलेल्या बहुयंत्र सुविधेने ही अट काढली. फोनला रेंज नसली तरी तारेच्या लाइनवर संगणक निरोप घेऊ लागला. डोंगराळ तालुक्यांना या बदलाचा लाभ शहरांपेक्षा अधिक झाला.

२८ नोव्हेंबर २०२५ रोजी दूरसंचार विभागाने दिलेल्या निर्देशांनी या सोयीला नवी चौकट घातली. सायबर फसवणुकीला आळा घालण्याच्या हेतूने, संदेशवहनाची ॲप नोंदणीच्या सिमकार्डाशी सतत जोडलेली असावीत आणि त्यांच्या वेब आवृत्तीतून वापरणाऱ्यास जास्तीत जास्त सहा तासांनी आपोआप बाहेर काढले जावे, असे त्यांत म्हटले असून अंमलबजावणीसाठी ९० दिवसांची मुदत देण्यात आली. फसवणूक झालेल्या हजारो कुटुंबांचा विचार करता हेतूबद्दल दुमत असू नये. कार्यालयाच्या दिनक्रमात मात्र त्याचा अर्थ वेगळा होतो. सकाळी दहाला जोडलेली वेब आवृत्ती चारच्या सुमारास बंद पडते, म्हणजे नेमकी जिल्ह्याला माहिती पाठविण्याच्या वेळी. आणि पुन्हा जोडण्यासाठी ज्या क्रमांकावर खाते आहे तो फोन हाताशी लागतो. खाते लिपिकाचे असेल तर अडचण नाही. ते अधिकाऱ्याच्या नावावर असेल आणि अधिकारी गावांच्या दौऱ्यावर असतील, तर संगणकावरील पान क्यूआर कोड दाखवीत तसेच उभे राहते.